रंग मूळचा की नंतरचा?

शंभर वर्षांपूर्वी बनलेल्या बंदुकीवर कारखान्यातला रंग आजही टिकून राहू शकतो का? जुन्या शिकारी बंदुकांचा लिलाव पहिल्यांदाच पाहणाऱ्याला हा प्रश्न हमखास पडतो. समोरच्या दुनळीवर निळ्या-तपकिरी छटा झळकत असतात, दस्त्याचे लाकूड चकाकत असते आणि शेजारच्या चिठ्ठीवर लिहिलेले असते, ‘कारखान्यातले मूळ फिनिश’.

उत्तर आहे : हो, टिकू शकतो. काही बंदुका हौसेने विकत घेतल्या गेल्या आणि पुढे पेटीतच राहिल्या. त्यांच्यावरचा रंग खरोखरच जसाच्या तसा आहे. पण अशा बंदुका फार थोड्या. त्यांना मिळणारी किंमत मोठी असते आणि त्या किमतीच्या लोभाने झिजलेल्या बंदुकांना नवा रंग देऊन ‘मूळ’ म्हणून विकले जाते. हा फरक ओळखायला रसायनशाळा लागत नाही. चांगला उजेड, दहापट मोठे दाखवणारे भिंग, मोजपट्टी आणि कशाकडे पाहायचे याची समज एवढे पुरते. ती समज या प्रकरणात टप्प्याटप्प्याने करून घेऊ. उदाहरणे घेऊ अमेरिकन दुनळींची, त्यातही मुख्यतः पार्करची.

१. मूळ फिनिशला एवढे मोल का?

अमेरिकेतल्या कनेटिकट राज्यात मेरिडेन नावाचे गाव आहे. तिथल्या पार्कर ब्रदर्स कारखान्याने १८६० च्या दशकाच्या उत्तरार्धात छऱ्याच्या दुनळी बंदुका बनवायला सुरुवात केली. १९३४ मध्ये हा व्यवसाय रेमिंग्टन कंपनीने घेतला. पुढे काम न्यूयॉर्क राज्यातल्या इलियनला हलले आणि दुसऱ्या महायुद्धाच्या काळात थांबले. तोवर सुमारे २,४२,००० पार्कर बंदुका बनल्या होत्या. न्यूयॉर्क राज्यातच फुल्टनला बनणाऱ्या एल. सी. स्मिथ आणि फिलाडेल्फियाच्या ए. एच. फॉक्स या पार्करच्या तोलाच्या बंदुका.

या बंदुका दर्जानुसार विकल्या जात. पार्करचा ‘व्हीएच’ दर्जा साधा, ‘डीएच’ त्याहून वरचा आणि ‘ए-१ स्पेशल’ फारच उंची. दर्जा वाढला की नक्षीकाम, लाकूड आणि हातकाम वाढत जाई. त्यामुळे आज एखादी बंदूक पाहताना संग्राहक दोन गोष्टी विचारतो : दर्जा कोणता, आणि मूळ फिनिश किती शिल्लक आहे?

दुसऱ्या प्रश्नासाठी अमेरिकेत नॅशनल रायफल असोसिएशनच्या ठरलेल्या श्रेणी आहेत. जुन्या बंदुकीला ‘एक्सलंट’ म्हणायचे तर सगळे भाग मूळचे हवेत आणि ८० टक्क्यांहून अधिक मूळ फिनिश शिल्लक हवे. ‘फाइन’ श्रेणीला ३० टक्क्यांहून अधिक पुरते. इथे भर ‘मूळ’ या शब्दावर आहे. नव्याने रंगवलेली बंदूक शंभर टक्के चमकत असली तरी तिचे मूळ फिनिश शून्य टक्के धरले जाते.

हे गणित एका छोट्या उदाहरणाने पाहू. समजा, एका बंदुकीच्या अॅक्शनवर, म्हणजे नळ्या आणि दस्ता यांना जोडणाऱ्या मधल्या पोलादी भागावर, २० टक्के मूळ रंग आहे. नळ्यांवर ८० टक्के आणि लाकडावर ९० टक्के आहे. विक्रेता सरासरी काढतो : सुमारे ६३ टक्के. आकडा खोटा नाही, पण अॅक्शन जवळजवळ उघडी पडली आहे हे त्यात झाकले जाते. आता कळले की नळ्या नंतर रंगवलेल्या आहेत. मग ८० च्या जागी शून्य येते आणि सरासरी ३७ टक्क्यांच्या आसपास घसरते. म्हणून टक्केवारी नेहमी भागाभागाने विचारावी, एकत्र आकडा स्वीकारू नये.

२. कारखान्यात रंग कसा चढे?

नकली ओळखायचे तर आधी अस्सल कसे बनते ते कळले पाहिजे. दुनळीवर मुख्यतः तीन प्रकारचे फिनिश असते.

पहिले अॅक्शनवरचे. मऊ पोलादाचे तयार भाग हाडांचा आणि लाकडाचा कोळसा भरलेल्या लोखंडी मुशीत बंद करून ७०० ते ८०० अंश सेल्सिअसपर्यंत, लालभडक होईतो तापवत. कोळशातला कार्बन पोलादाच्या पृष्ठभागात मुरे. मग सगळा ऐवज एकदम पाण्यात ओतत. याला केस हार्डनिंग म्हणतात. त्यातून भागावर पातळ, कडक कवच तयार होते आणि आतले पोलाद चिवट राहते. या पाणी देण्याच्या क्षणीच पृष्ठभागावर ऑक्साइडचा अतिशय पातळ थर धरतो आणि निळ्या, करड्या, गवती, तपकिरी छटा उमटतात. त्या धुरासारख्या एकमेकींत मिसळलेल्या असतात. दोन बंदुकांवर त्या सारख्या येत नाहीत.

दुसरे नळ्यांवरचे. दुनळीच्या दोन नळ्या आणि त्यांच्यामधली पट्टी, म्हणजे रिब, कथील-शिशाच्या डाखाने जोडलेल्या असतात. या डाखाला जपूनच रंग चढवावा लागे. त्यासाठी नळ्यांना गंज आणणारे द्रावण लावून दमट जागी ठेवत. बारीक गंज आला की उकळत्या पाण्यात बुडवत, त्यामुळे तांबूस गंज काळा होई. मग तारेच्या ब्रशने घासून पुन्हा तेच, असे अनेकदा. यातून सौम्य झाकेचा, खोल निळसर काळा रंग येतो. याला रस्ट ब्लूइंग म्हणतात.

तिसरे लाकडावरचे. अक्रोडाच्या दस्त्याची छिद्रे भरून वर तेल किंवा व्हार्निश दिलेले असे. पकडीच्या जागी बारीक चौकटींची जाळी कोरलेली असे. तिला चेकरिंग म्हणतात.

३. पहिली परीक्षा : झीज कुठे आहे?

कोणतीही बंदूक हातात घेतली की आधी ती उघडून दोन्ही नळ्यांत काडतूस नाही याची खात्री करावी. ती जुनी असो, मोडकी असो, शोभेची असो, या नियमाला अपवाद नाही.

आता झीज पाहा. शिकारी बंदूक उघडून बाहूवर टाकतो किंवा तोलाच्या जागी मुठीत धरून चालतो. त्यामुळे अॅक्शनचा तळ आधी झिजतो आणि करडा पडतो. नळ्यांवर डावा हात जिथे येतो तिथला निळा रंग पातळ होतो. म्यानातून आत-बाहेर करताना नळ्यांची तोंडे घासतात. याउलट चापांच्या मागच्या कोपऱ्यात, बंदूक उघडण्याच्या वरच्या खटक्याखाली, नळ्यांच्या मुळाशी असलेल्या खोलगट भागांत हात पोहोचत नाही. तिथे मूळ रंग सर्वांत शेवटपर्यंत टिकतो.

म्हणून अस्सल बंदुकीवर रंगाचा उतार दिसतो : आडोशाला गडद, उघड्यावर फिका, आणि मधे कुठेही रेघ ओढल्यासारखी सीमा नाही. तळापासून कोपऱ्यापर्यंत सगळीकडे रंग सारखाच भरलेला असेल तर दोनच शक्यता उरतात. एक तर बंदूक जवळजवळ वापरलीच गेली नाही, किंवा रंग नंतरचा आहे.

यातली कोणती, हे ठरवायला नळ्यांखालचा लाकडी भाग, म्हणजे फोरएंड, काढून पाहावा. त्याच्याखालच्या झाकलेल्या नळ्यांचा रंग उघड्या भागापेक्षा ताजा असायला हवा. मग बंदूक किती चालली याचा वेगळा पुरावा शोधावा. बिजागरीच्या घासणाऱ्या पृष्ठभागांवर झीज आहे का? फायरिंग पिनच्या भोकांभोवती काडतुसांच्या धडकेचे वळ आहेत का? बंद केल्यावर वरचा खटका कुठे थांबतो? पुष्कळ दुनळींत नवेपणी तो मध्यरेषेच्या किंचित उजवीकडे थांबतो आणि वापराने हळूहळू डावीकडे सरकतो. आतली यंत्रणा हजारो बार उडाल्याचे सांगत असेल आणि बाहेरचा रंग एकही बार न उडाल्याचे, तर रंगावर विश्वास ठेवू नये.

या साऱ्या परीक्षेचे सूत्र एकच आहे : बंदुकीचे सगळे भाग एकत्र म्हातारे होतात. ज्या भागाचे वय इतरांशी जुळत नाही, तिथे नंतरचा हात फिरलेला आहे. पुढच्या प्रत्येक परीक्षेत हेच सूत्र वापरायचे आहे.

४. दुसरी परीक्षा : कडा, अक्षरे आणि नक्षी

नवा रंग चढवण्याआधी जुना रंग आणि गंजाचे खड्डे घासून काढावे लागतात. या घासण्याच्या खुणा रंगाखाली लपत नाहीत.

आपल्या घरातले जुने पितळी पातेले आठवा. त्यावर आजीचे नाव कोरलेले असते. चिंच आणि राख लावून वर्षानुवर्षे घासल्यावर पातेले लख्ख राहते, पण नावाच्या कडा बोथट होतात आणि काही अक्षरे बोटालाच लागतात, डोळ्यांना दिसत नाहीत. बंदुकीच्या रिबवर कोरलेल्या कारखान्याच्या नावाचे अगदी हेच होते. अक्षरे पुसट आणि त्यांच्याभोवतीचा रंग मात्र ताजा असेल, तर आधी घासणे झाले आणि रंग नंतर आला, हे उघड आहे. वापराने अक्षरे झिजली असती तर रंग त्यांच्याआधीच गेला असता.

भिंग घेऊन आणखी चार जागा पाहाव्यात. अॅक्शनच्या सरळ कडा धारदार आहेत की गोलसर? स्क्रूच्या भोकांच्या कडा सपाट आहेत की बशीसारख्या खोलगट? फिरत्या चाकावर पॉलिश करताना मऊ चिंधी भोकात दबते आणि कड खाऊन टाकते. नक्षीतल्या बारीक रेषा, म्हणजे पक्ष्याची पिसे किंवा कुत्र्याच्या अंगावरचे केस, अजून वेगवेगळ्या दिसतात का? आणि रंगाखाली गंजाचे खड्डे आहेत का? खड्डा पडायला काळ जावा लागतो. खड्ड्याच्या तळाशी स्वच्छ निळा रंग असेल तर तो खड्ड्यानंतरचा आहे. यावर वाद घालायला जागा नाही.

कधी कधी पुसट नक्षी पुन्हा कोरून काढतात. अशा रेषांची खोली सारखी नसते. हत्यार जुन्या रेषेतून घसरलेले दिसते, काही ठिकाणी एका रेषेच्या दोन होतात. मूळ नक्षी शांत आणि सलग वाटते, कारण ती एका हाताने एका बैठकीच्या लयीत कोरलेली असते.

नळ्या तपासताना त्या खिडकीकडे धरून तिरक्या नजरेने लांबवर पाहावे. कारखान्यात नळ्या लांबीच्या दिशेने घासून सरळ केलेल्या असत, त्यामुळे चौकटीचे प्रतिबिंब त्यांच्यावर सरळ धावते. चाकावर पॉलिश केलेल्या नळीवर ते लाटांसारखे हलते. असे पॉलिश म्हणजे नळीचे पोलाद कमी होणे, त्यामुळे प्रश्न किमतीपुरता राहत नाही. नळीच्या भिंतीची जाडी ०.०२० इंचाच्या, म्हणजे अर्ध्या मिलिमीटरच्या, खाली गेली की जाणकार कारागीर सावध होतो. जाडी त्याच्याकडून मोजून घेतल्याशिवाय अशी बंदूक उडवू नये.

५. तिसरी परीक्षा : रंग कोणत्या पद्धतीचा आहे?

बाहेरून सारखे दिसणारे रंग वेगवेगळ्या वाटांनी येतात आणि वाट चुकीच्या काळातली असेल तर रंग खोटा ठरतो.

अॅक्शनवरच्या छटांची स्वस्त नक्कल गॅसच्या ज्योतीने करतात. पोलाद तापत गेले की साधारण २२० अंशांना गवती, मग जांभळट आणि ३०० अंशांच्या आसपास निळे होते. ज्योतीचे पट्टे याच क्रमाने, तापलेल्या जागेपासून बाहेर पसरत जातात. हाडाच्या कोळशाच्या छटांना असा क्रम नसतो, त्या विस्कळीत ढगांसारख्या असतात. ज्योतीने कडक कवच मऊ पडण्याचाही धोका असतो, म्हणून हे काम बंदुकीचे नुकसानच करते. दुसरी पद्धत सायनाइडच्या वितळलेल्या क्षारात बुडवण्याची. तिच्यातून वाघाच्या पट्ट्यांसारखे, ठळक आणि पुन्हापुन्हा येणारे पट्टे उमटतात. काही कारखाने स्वतःच ही पद्धत वापरत. त्यामुळे पट्टे दिसले म्हणजे नकली, असे म्हणता येत नाही. त्या कारखान्यात, त्या वर्षी कोणती पद्धत होती, हे आधी माहीत करून घ्यावे लागते. मेरिडेनच्या पार्करवर मात्र असे पट्टे दिसले तर शंका घ्यावी.

नळ्यांच्या बाबतीत काळाचा पुरावा अधिक स्पष्ट आहे. कॉस्टिक सोडा आणि नायट्रेटच्या, साधारण १३५ ते १५० अंश तापमानाच्या द्रावणात बुडवून झटपट रंग देण्याची पद्धत अमेरिकन बंदूक व्यवसायात १९३० च्या दशकाच्या उत्तरार्धात रुळली. तिला हॉट ब्लूइंग म्हणतात. तिचा रंग चकचकीत आणि काळा असतो, कधी जांभळट झाक मारतो. १९१० च्या दुनळीवर तो दिसला तर तो कारखान्यातला असूच शकत नाही. शिवाय कॉस्टिक डाखाला खातो आणि रिबच्या खाली अडकून राहतो. काही काळाने रिब सुटू लागते. नळ्या अॅक्शनपासून सोडवून, दोरीला टांगून बोटाच्या पेराने हलकी टिचकी द्यावी. डाख पक्का असेल तर लांबवर घुमणारा नाद येतो. रिब सुटली असेल तर आवाज बद्द येतो किंवा थरथरतो.

डमॅस्कस नळ्यांचे वेगळे. लोखंड आणि पोलादाच्या पट्ट्या पीळ देऊन गुंडाळून जोडलेल्या या नळ्यांवर वळणावळणाचे नैसर्गिक नमुने असतात. ते आम्लाने उठाव देऊन दाखवतात. पार्करसाठी अशा नळ्या बेल्जियमहून येत. त्यांच्यावर सबंध साधा काळा रंग असेल, तर नमुना झाकून त्या साध्या पोलादाच्या भासवण्याचा प्रयत्न झालेला असू शकतो. हे फसवणुकीपेक्षाही गंभीर आहे, कारण आजची जोरकस काडतुसे अशा नळ्यांसाठी बनलेली नाहीत.

६. चौथी परीक्षा : लाकूड

कारखान्यात दस्त्याचे लाकूड धातूपेक्षा किंचित उंच ठेवत. म्हणून सांध्यावरून नख फिरवावे. नख लाकडावरून धातूवर उतरत असेल तर ठीक. लाकूड सपाटीला किंवा धातूच्या खाली गेले असेल तर दस्ता घासलेला आहे. मागच्या टोकाला हीच परीक्षा करता येते. पुष्कळ पार्करवर तिथे कुत्र्याचे डोके असलेली कडक रबराची प्लेट असते. दस्ता घासला की तिची कड लाकडाबाहेर येते, किंवा कारागीर तीही घासतो आणि तिच्या कडेचा आकार बिघडतो.

चेकरिंगच्या चौकटींत मूळ स्थितीत दशकांचा मळ आणि जुने फिनिश असते, टोके थोडी बोथट असतात. बाकी लाकडावर ओरखडे आणि चेकरिंग मात्र बोटाला टोचेल इतके टोकदार असेल, तर ते पुन्हा कोरलेले आहे. किनारीच्या रेषेबाहेर गेलेले छोटे चरे हीच गोष्ट सांगतात. आणखी एक खूण अॅक्शनला चिकटलेल्या लाकडात असते. दशकानुदशके तेल मुरून तिथले लाकूड काळवंडते. जुन्या अॅक्शनला अगदी उजळ लाकूड भिडलेले दिसले तर ते धुतलेले तरी आहे किंवा बदललेले तरी.

७. पाचवी परीक्षा : स्क्रू, क्रमांक आणि कागद

उत्तम दुनळीतल्या स्क्रूच्या खाचा फार अरुंद असतात आणि बहुतेक नळ्यांच्या दिशेने एका रेषेत थांबतात. खाचांच्या कडा चेपलेल्या आणि त्या चेपलेल्या धातूवरही ताजा निळा रंग, हे नंतरच्या कामाचे लक्षण आहे.

पार्करचा क्रमांक अॅक्शनवर, नळ्यांवर, फोरएंडच्या लोखंडावर आणि चापाच्या कड्यावर सापडतो. तो सगळीकडे एकच हवा. नळ्यांच्या मुळाशी खालच्या सपाट भागावर रेमिंग्टनच्या काळातले अक्षरी शिक्केही काही वेळा असतात. त्यावरून बंदूक दुरुस्तीसाठी कारखान्यात परत गेली होती हे कळते. कारखान्यानेच पुन्हा रंगवलेली बंदूक आदरणीय आहे, तरी तिचे फिनिश ‘मूळ’ नव्हे.

शेवटी कागद. पार्करच्या जपलेल्या नोंदींवरून पार्कर गन कलेक्टर्स असोसिएशन एखाद्या क्रमांकाचे माहितीपत्र देते. एल. सी. स्मिथच्या नोंदी वायोमिंग राज्यातल्या कोडी गावच्या फायरआर्म्स म्युझियममध्ये आहेत. अशा पत्रात दर्जा, नळ्यांची लांबी, कधी दस्त्याची लांबी मिळते. पत्र रंगाबद्दल काही सांगत नाही, पण बंदूक कारखान्यातून कशी निघाली याची मूळ नोंद आपल्या हाती देते. साध्या दर्जावर उंची नक्षी कोरून विकण्याचा डाव तिथेच उघडा पडतो.

८. सगळे एकत्र : एक काल्पनिक तपासणी

समजा, १९१२ ची, १२ बोअरची पार्कर डीएच ‘९५ टक्के मूळ’ म्हणून समोर आली. अॅक्शनवर सुंदर ढगाळ छटा, ज्योतीचे पट्टे नाहीत. नळ्यांवर सौम्य रस्ट ब्लूइंग. म्हणजे पद्धती दोन्ही काळाला धरून आहेत. इथे थांबणारा फसतो.

पुढे पाहिले. वरचा खटका मध्यरेषेच्या डावीकडे आहे : बंदूक भरपूर चालली आहे. तरीही अॅक्शनच्या तळावर झीज नाही. रिबवरची अक्षरे उथळ आहेत. डाव्या नळीवर दोन खड्डे, दोन्हींच्या तळाशी रंग. सांध्यावर लाकूड धातूच्या खाली. माहितीपत्रात दस्ता १४¼ इंच, मोजपट्टीवर १३¾ इंच.

निष्कर्ष असा : कुशल हातांनी, योग्य पद्धतीने पुन्हा फिनिश केलेली, दस्ता आखूड केलेली, पण दर्जाने अस्सल डीएच. ती घ्यायलाही हरकत नाही, पण पुनर्रंगित बंदुकीच्या किमतीला. एकच खूण पाहून निकाल दिला असता तर चुकला असता. पाच खुणा एकाच दिशेने बोट दाखवतात तेव्हा निकाल पक्का होतो.

९. दुरुस्ती चूक नाही, लपवणे चूक आहे

हाडाच्या कोळशाने अॅक्शनला पुन्हा अस्सल छटा देणारे कारागीर आजही अमेरिकेत आहेत. गंजून गेलेली बंदूक ते वाचवतात आणि एक अवघड विद्या जिवंत ठेवतात. त्यांच्या कामाचा मान राखलाच पाहिजे. दोष विक्रेत्याने गाळलेल्या एका वाक्याचा आहे : ‘हे नंतर केलेले आहे.’

ते वाक्य गाळल्याने खरेदीदाराचे पैसे जातात, हे नुकसान दिसते. दुसरे नुकसान सहज दिसत नाही. मेरिडेनच्या कामगारांनी धातू कसा घासला, रंग किती खोल चढवला, चेकरिंग किती बारीक कोरले, हे त्या मूळ पृष्ठभागांवरच नोंदलेले आहे. नवे काम मूळ म्हणून खपले की पुढचा अभ्यासक त्यालाच प्रमाण मानतो आणि मग अस्सल बंदुकीवरच शंका घेऊ लागतो.

म्हणून विकत घेताना चार प्रश्न थेट विचारावेत आणि उत्तरे लेखी घ्यावीत : अॅक्शनचा रंग मूळचा आहे का? नळ्यांचा? लाकडाचे फिनिश आणि चेकरिंग? कोणता भाग बदलला किंवा कापला आहे? तपासून परत करण्याची मुदत पावतीवर लिहून घ्यावी आणि त्या मुदतीत जाणकार कारागिराकडून नळ्या मोजून घ्याव्यात. आपण स्वतः दुरुस्ती करून घेतली तर आधीची छायाचित्रे, कारागिराचे नाव आणि वर्ष एका कागदावर लिहून तो बंदुकीच्या पेटीत ठेवावा. पुढच्या मालकाला मग अंदाज बांधावा लागणार नाही, त्याला खरी माहिती मिळेल.